टू-स्ट्रोक एटीव्हीचं इंजिन: सोलापूरच्या धुळीत सांभाळायचं कसं आणि ट्यून करायचं कोणत्या क्रमानं

हुरड्याचा हंगाम सुरू झाला की बार्शी, मोहोळ, मंगळवेढ्याकडच्या शेतांवर शेडमध्ये पडून असलेल्या एटीव्ही, म्हणजे शेतात-मातीत चालवायच्या चार चाकी गाड्या, बाहेर निघतात. दोन-चार किका मारल्या, धूर निघाला, इंजिन सुरू झालं, की गाडी थेट पाहुण्यांच्या हातात. मग एखाद्या गार सकाळी फुल थ्रॉटलवर असताना मागची चाकं घासत ती जागेवर थांबते. सिलिंडर खोलला तर पिस्टनवर उभे ओरखडे आणि खाचेत चिकटलेल्या रिंगा. ‘जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) लहान पडला’ म्हणून मोठा जेट टाकतात, नवा पिस्टन बसवतात आणि काही दिवसांनी तोही पकडतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकतो.

जेटचा दोष नसतोच असं नाही. पण जेट बदलणं हे शेवटचं काम आहे आणि लोक सुरुवातच तिथून करतात. क्रँकच्या (पिस्टन फिरवतो त्या दांड्याच्या) सीलमधून हवा ओढणारं इंजिन कितीही जेट बदलले तरी ट्यून होत नाही. अर्धवट चोंदलेल्या फिल्टरवर ट्यून केलेली गाडी फिल्टर धुतल्याबरोबर लीन होते, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. म्हणून हा क्रम मोडू नका: सफाई, फिल्टर, पेट्रोल-ऑइल, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि गळती, रीड (मिश्रण आत सोडणारी पट्ट्यांची झडप)-सायलेन्सर-प्लग, कार्बोरेटरची सफाई आणि सगळ्यात शेवटी ट्यूनिंग.

इथलं वर्णन हवेवर थंड होणाऱ्या एक सिलिंडरच्या इंजिनाचं आहे: यामाहा ब्लास्टरसारखी १९५ सीसीची जुनी गाडी किंवा मुलांसाठीची ४९ सीसीची चायनीज क्वाड. आरएक्स १००वर हात बसलेल्या मेकॅनिकला यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. फरक वापराचा आहे. एटीव्ही हळू चालते, वजन जास्त ओढते, फिन्सवर (सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पात्यांवर) वारा कमी येतो आणि पुढच्या गाडीची धूळ सरळ फिल्टरमध्ये जाते. त्यामुळे रस्त्यावरच्या मोटरसायकलला खपणारा हलगर्जीपणा हिला खपत नाही.

## तयारी

प्लग पाना, गोटी पान्यांचा सेट, जेटच्या खाचेत घट्ट बसणारा स्क्रू ड्रायव्हर, फिलर गेज, कॉम्प्रेशन गेज, कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे आणि ५० मिलीची सिरिंज एवढं जवळ हवं. शिवाय रीड केजचं आणि सायलेन्सरचं नवं गॅस्केट. मॅन्युअल मिळत असेल तर प्लगची गॅप, ऑइलचं प्रमाण, फ्लोटची (कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी धरणाऱ्या तरंगत्या भागाची) उंची आणि नट आवळण्याचा टॉर्क हे चार आकडे आधी लिहून घ्या.

पुसायला सोलापुरी टॉवेल वापरू नका. अंग पुसायला त्याला तोड नाही, पण त्याचे धागे पायलट जेटच्या (कमी थ्रॉटलवर पेट्रोल देणाऱ्या जेटच्या) बारीक भोकात जाऊन बसतात. जुन्या धोतराचं किंवा मलमलीचं कापड घ्या.

काम सावलीत पण मोकळ्या हवेत करा. हुरड्याची आगटी, चूल, विडी-सिगारेट यांपासून लांब. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि दहा-बारा पावलांवरच्या विस्तवापर्यंत सहज पोचते.

आधी नोंद, मग खोलणं: गाडी आत्ता कशी आहे ते लिहा. एअर स्क्रू (कमी थ्रॉटलवरचं मिश्रण ठरवणारा) किती फेरे उघडा आहे (हलकेच बंद करत मोजा आणि परत तितकाच उघडा), मेन जेटवर (फुल थ्रॉटलच्या जेटवर) आणि पायलट जेटवर कोणता नंबर आहे, नीडलची (मधल्या थ्रॉटलचं पेट्रोल ठरवणाऱ्या सुईची) क्लिप वरून कितव्या खाचेत आहे, प्लग कोणता आहे. सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकानं काय घातलं असेल याचा भरवसा नसतो. मागे परतायची वाट हीच नोंद देते.

## टप्पा १: बाहेरची सफाई

काळी माती ओली असताना फिन्समध्ये घुसते आणि वाळली की सिमेंटसारखी बसते. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या दोन फिन्समधली फट बुजली म्हणजे तिथलं थंड होणं संपलं. माती आधी पाण्यानं भिजवा, लाकडी काडीनं मोकळी करा, मग धुवा. सिलिंडरच्या मागच्या बाजूला आणि प्लगच्या भोवती खास बघा, कारण तिथली माती वरून दिसत नाही.

प्रेशर वॉशरचा झोत एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा), कार्बोरेटर आणि मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) कव्हरवर मारू नका. एअरबॉक्सचं तोंड प्लास्टिकनं बांधून घ्या.

तपासणी: प्लग काढण्याआधी त्याच्या खळग्यात हवा मारून माती उडवा. प्लग काढल्यावर तिथून आत पडलेला खडा सरळ पिस्टनवर जातो.

## टप्पा २: एअर फिल्टर

आपल्याकडच्या धुळीत हा टप्पा पिस्टनचं आयुष्य ठरवतो. फोमचा फिल्टर नुसता झटकून परत बसवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. कोरडा फोम बारीक धूळ अडवतच नाही. धूळ अडते ती त्यावरच्या चिकट ऑइलला.

फोम आधी डिझेलमध्ये दाबून दाबून धुवा. पिळू नका, फाटतो. मग साबणाच्या कोमट पाण्यात धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवा. पेट्रोलमध्ये धुतला तर फोमचे सांधे चिकटवलेला गोंद सुटतो. वाळल्यावर फिल्टर ऑइल सगळीकडे सारखं लावा आणि जास्तीचं दाबून काढा. फिल्टर ऑइल मिळालं नाही तर गिअर ऑइल चालतं, पण ते खाली उतरून जमतं, म्हणून फिल्टर लवकर लवकर बघावा लागतो.

फिल्टरच्या कडेला, जिथे तो एअरबॉक्सला टेकतो तिथे, ग्रीसचा पातळ थर द्या. धूळ बऱ्याचदा फोममधून जात नाही, कडेनं जाते.

तपासणी: फिल्टर काढलेला असताना कार्बोरेटरकडे जाणाऱ्या रबरी बूटच्या आत स्वच्छ बोट फिरवा. बोटाला करकरीत धूळ लागली तर इंजिननं माती खाल्ली आहे. मग टप्पा ४मधली कॉम्प्रेशनची चाचणी टाळूच नका.

गाड्या एकामागे एक धावत असतील तर फिल्टर रोज संध्याकाळी बघा. दोन फोम ठेवले तर एक वाळेपर्यंत दुसरा चालतो. एअरबॉक्सचं झाकण काढून ‘गाडी मोकळी’ करणारे बरेच आहेत. झाकण काढल्यावर हवा वाढते, जेट तोच राहतो, मिश्रण लीन होतं आणि धूळ वेगळीच.

## टप्पा ३: पेट्रोल आणि ऑइल

आधी टाकी. टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा आणि तासभर स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते सगळं फेकण्याजोगं आहे.

आता पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, त्यामुळे इथेनॉल आपल्याला परकं नाही. पण या जुन्या इंजिनांना ते तीन ठिकाणी त्रास देतं. पहिलं, ते हवेतला ओलावा ओढतं. पाणी वाढलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतात आणि ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. टाकीचा नळ तळाशी असल्यामुळे इंजिनला आधी मिळतो तो बिनऑइलचा थर. दुसरं, जुन्या रबरी नळ्या आणि सील फुगतात किंवा कडक होतात. तिसरं, या पेट्रोलला जळायला हवा ७ ते ८ टक्के कमी लागते. म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी बसवलेला जेट तेवढा लीन ठरतो. कंपनीनं दिलेला मूळ जेट आहे म्हणून निश्चिंत राहू नका.

टाकीचा नळ, त्याची जाळी आणि पेट्रोलची नळी काढून बघा. कडक झालेली, भेगा पडलेली नळी बदला. टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक मोकळं आहे ना, हेही बघा. ते बुजलं तर गाडी दहा मिनिटं छान चालते, मग पेट्रोल न आल्यासारखी मरते, आणि झाकण उघडलं की परत चालते.

ऑइल टूटीच (टू-स्ट्रोक इंजिनाचंच) हवं आणि डब्यावर जासो (ऑइलची जपानी प्रत) एफसी किंवा एफडी लिहिलेलं हवं. बोटीच्या इंजिनासाठीचं टीसी-डब्ल्यू३ ऑइल पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असतं. ते इथे नको. कारचं ऑइल तर नकोच.

प्रमाण मॅन्युअलचं. मोजमाप असं:

५०:१ साठी लिटरला २० मिली,
४०:१ साठी २५ मिली,
३२:१ साठी ३१ मिली,
२५:१ साठी ४० मिली,
२०:१ साठी ५० मिली.

सिरिंजनं मोजा. बाटलीच्या झाकणानं अंदाजे नको, आणि फवारणीच्या औषधाचं माप तर हाताशीही ठेवू नका. वेगळ्या कॅनमध्ये आधी अर्धं पेट्रोल, मग सगळं ऑइल, हलवणं, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवणं. ऑइल सरळ टाकीत ओतलं तर ते तळाशी नळापाशी बसतं.

‘थोडं ऑइल जास्त टाकलं म्हणजे इंजिन सुरक्षित’ हा समज काढून टाका. जेटमधून जाणाऱ्या द्रवात ऑइल वाढलं की तितकं पेट्रोल कमी होतं. म्हणजे ऑइल वाढवणं म्हणजे मिश्रण लीन करणं. प्रमाण एकदा ठरवा आणि त्यावरच जेट बसवा. पुढे प्रमाण बदललं तर ट्यूनिंग पुन्हा करावं लागेल.

गाडीला वेगळी ऑइलची टाकी आणि पंप असेल तर पंपाची केबल थ्रॉटलबरोबर हलते का, नळीत हवेचे बुडबुडे आहेत का हे बघा. नळी सुटली असेल किंवा टाकी रिकामी पडली असेल तर पंपातली हवा काढा, आणि ती पूर्ण निघाल्याची खात्री होईपर्यंत टाकीत मिसळलेलं पेट्रोलच वापरा.

गिअरचं ऑइल वेगळं. ओला (ऑइलमध्ये फिरणारा) क्लच असलेल्या गाडीला जासो एमए लिहिलेलं ऑइल घाला, नाहीतर क्लच घसरतो.

## टप्पा ४: कॉम्प्रेशन आणि हवेची गळती

माझ्या मते या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि तोच सगळ्यात जास्त वगळला जातो.

कॉम्प्रेशन. प्लग काढा, प्लगची कॅप इंजिनला टेकवून अर्थ करा (उघडी ठेवून किका मारल्या तर सीडीआय, म्हणजे ठिणगीचा इलेक्ट्रॉनिक डबा, जळू शकतो), इंजिन थांबवणारा किल स्विच ‘ऑफ’वर ठेवा, गेज लावा. थ्रॉटल पूर्ण उघडा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत किका मारा. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेला आकडा खोटा कमी येतो. आकडा मॅन्युअलशी ताडा. साधारणपणे अशा इंजिनांना १२० ते १५० पीएसआय दिसतं. १००च्या खाली असेल तर रिंग-पिस्टन बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गळती. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये जातं. क्रँकच्या दोन टोकांचे सील, सिलिंडरखालचं गॅस्केट, रीड केज, रबरी बूट यांपैकी कुठूनही बाहेरची हवा शिरली तर ती जेटचा सगळा हिशेब बिघडवते.

चाचणीचं साधन घरी होतं. रक्तदाब मोजायच्या जुन्या हवेच्या यंत्राचा फुगा आणि घड्याळ घ्या. त्या घड्याळावरचा ३०० म्हणजे ५.८ पीएसआय, आणि आपल्याला ६च्या आसपासच हवं. सायलेन्सर काढून एक्झॉस्टचं तोंड रबर आणि पत्र्याच्या पट्टीनं घट्ट बंद करा. कार्बोरेटर काढून बूटमध्ये रबरी बूच क्लॅम्पनं आवळा आणि बुचातून नळी आत घ्या. प्लग लावलेला असू द्या. पिस्टन सगळ्यात खाली आणा, म्हणजे क्रँककेस आणि सिलिंडर दोन्ही एकाच वेळी तपासले जातात. दाब ३००पर्यंत न्या आणि सहा मिनिटं बघा.

मिनिटाला ५०पेक्षा जास्त उतरत असेल तर गळती आहे. साबणाचं पाणी आधी तुमच्या बुचांवर लावा, कारण बऱ्याचदा गळती तिथेच असते. मग बूट, रीड केजची कड, सिलिंडरचा तळ, हेड. मॅग्नेटचं कव्हर काढून त्यामागचा सील. क्लचच्या बाजूचा सील दिसत नाही. गिअर ऑइलच्या भोकाशी कान लावा, फसफस ऐकू येते.

सावध: १० पीएसआयच्या वर कधीही जाऊ नका. सील जागेवरून बाहेर ढकलला जातो. टायर भरायचा कॉम्प्रेसर इथे अजिबात नको.

साधनाशिवायही लक्षणं बोलतात. थ्रॉटल सोडल्यावर आवाज खाली न येता वरच रेंगाळत असेल तर संशय मॅग्नेटच्या बाजूच्या सीलवर किंवा बूटवर घ्या. पांढरा धूर फार आणि गिअर ऑइल महिन्याला कमी होत असेल तर क्लचच्या बाजूचा सील. चालू इंजिनावर पेट्रोल शिंपडून गळती शोधणारे आहेत. तापलेल्या सायलेन्सरशेजारी हे करणं म्हणजे आग लावणं आहे.

पिस्टन बदलावाच लागला तर: पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. रिंगचं तोंड खाचेतल्या पिनवर बरोबर बसलं पाहिजे, नाहीतर सिलिंडर घालतानाच रिंग तुटते. सर्कलिप (पिस्टनची पिन जागेवर धरणारी कडी) दरवेळी नवी. जुनी ताण गेलेली सर्कलिप सुटून सिलिंडर चिरते. सिलिंडर बोअर करून आणला तर पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या) धारदार कडा मोडल्यात का बघा आणि साबण-पाण्यानं धुवा, कारण होनिंगची पूड पेट्रोलनं निघत नाही. धुतल्यावर लगेच टूटी ऑइलचा हात फिरवा. हेडचे नट समोरासमोर, थोडे थोडे आवळा. पहिल्यांदा सुरू केल्यावर फिन्स हाताला गरम लागेपर्यंत चालवा, पूर्ण गार होऊ द्या, असं तीनदा करा, मग गार इंजिनावर नट पुन्हा तपासा. पहिली टाकी संपेपर्यंत फुल थ्रॉटल नाही आणि एकाच वेगानं लांबवर पळवणंही नाही.

## टप्पा ५: रीड, सायलेन्सर, प्लग

रीडच्या पट्ट्या उजेडासमोर धरा. केजवर त्या सपाट टेकल्या पाहिजेत. टोकाला चीर, तुटलेला कोपरा किंवा केसापेक्षा जास्त फट दिसली तर पट्टी बदला. वाकलेली पट्टी उलटी करून बसवणं तात्पुरतंच ठरतं. काही छोट्या चायनीज इंजिनांत रीड नसतेच. तिथे हा भाग सोडा.

सायलेन्सर काढलेलाच आहे तर एक्झॉस्ट पोर्टमधला कार्बन काढा. पिस्टन वर आणून पोर्ट झाका, म्हणजे कचरा सिलिंडरमध्ये पडत नाही. लाकडी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी वापरा. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडलं की पिस्टनवर आणि पोर्टच्या कडेवर रेघा पडतात. सायलेन्सरच्या टोकाची ठिणग्या अडवणारी जाळी घासून परत बसवाच; वाळलेल्या कडब्याच्या आणि गवताच्या शेतात ती काढून गाडी फिरवणं धोक्याचं आहे.

प्लग मॅन्युअलमध्ये दिलेल्या नंबरचाच. एनजीकेच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉशमध्ये नेमकं उलट आहे. दुकानात ‘तोच नंबर, दुसरी कंपनी’ म्हणून घेताना इथे घोटाळा होतो. प्लग सारखा काळा होतो म्हणून गरम नंबरचा प्लग टाकू नका. मिश्रण रिच आहे, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. ते दुरुस्त करा. गरम प्लगमुळे उन्हाळ्यात पिस्टनच्या डोक्याला भोक पडू शकतं.

## टप्पा ६: कार्बोरेटरची सफाई

नळ बंद, कार्बोरेटरच्या खालच्या वाटीतलं पेट्रोल डब्यात, कार्बोरेटर बाहेर. मोबाइलवर प्रत्येक पायरीचा फोटो घ्या. मेन जेट, पायलट जेट, एअर स्क्रू, फ्लोट, फ्लोटची सुई हे सगळं काढा. स्प्रे मारा, हवा मारा, जेट उन्हाकडे धरून भोक पूर्ण गोल दिसतंय का बघा.

जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असतं. भोक रुंद होतं आणि जेटवरच्या नंबराला काही अर्थ उरत नाही. फारच अडलं तर ब्रशचा नायलॉनचा केस घाला, नाहीतर नवा जेट घ्या.

फ्लोटच्या सुईच्या टोकावर वाटोळी खाच पडली असेल तर सुई बदला. मग फ्लोटची उंची. ही बिघडलेली असताना केलेलं सगळं ट्यूनिंग वाया जातं, कारण वाटीतल्या पेट्रोलची पातळी प्रत्येक जेटवर परिणाम करते.

बसवताना तीन गोष्टी बघा. स्लाइडचा (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणाऱ्या भागाचा) तिरपा कट फिल्टरच्या बाजूला हवा. चोकचा दट्ट्या पूर्ण खाली बसायला हवा, नाहीतर गाडी कायम रिच चालते. वाटीच्या हवेच्या नळ्या मोकळ्या हव्यात. शेडमध्ये पडून राहिलेल्या गाडीत कुंभारीण माशी तिथे चिखलाचं घर करते.

सुरू करण्याआधी: थ्रॉटल दाबून सोडा, स्लाइड खट्‌कन खाली यायला हवी. हँडल पूर्ण डावीकडे आणि उजवीकडे वळवून पुन्हा करा. किल स्विच आणि मनगटाला बांधायची दोरी दोन्ही काम करतात का बघा. सुरू झाल्यावर इंजिन स्वतःहून पळायला लागलं आणि स्विचनंही थांबेना, तर ब्रेक दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडा किंवा चोक पूर्ण ओढा.

## टप्पा ७: ट्यूनिंग

आता जेट.

वेळ निवडणं हे अर्धं काम आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे; उंचीचा परिणाम थोडा. तापमानाचा मात्र मोठा. मे महिन्यातल्या ४२ अंशांच्या दुपारपेक्षा हिवाळ्यातल्या १५ अंशांच्या सकाळची हवा सुमारे ९ टक्क्यांनी दाट असते. दाट हवेबरोबर जेटमधून पेट्रोलही थोडं जास्त ओढलं जातं, पण त्याच प्रमाणात नाही, म्हणून मिश्रण लीन होतं. उन्हाळ्यात बरोबर चालणारी गाडी हुरड्याच्या दिवसांत सकाळी पकडते ती बहुधा यामुळे. म्हणून ज्या हंगामात गाडी वापरायची, त्यातल्या सगळ्यात गार वेळी ट्यून करा. दुपारी ती किंचित रिच वाटेल. वाटू द्या.

थ्रॉटलवर खुणा करा. अंगठ्याच्या थ्रॉटलवर पांढऱ्या टेपनं बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण दाखवा. बंद ते आठवा हिस्सा पायलट जेट आणि एअर स्क्रूचा. पाव भागापर्यंत स्लाइडचा कट. पाव ते पाऊण नीडलचा. पाऊणच्या पुढे मेन जेटचा. गाडी कुठे अडखळते ते टेपवर बघितल्याशिवाय कोणताही जेट बदलू नका. मुलांच्या एटीव्हीवर थ्रॉटल अडवणारा एक स्क्रू असतो. तो आत असेल तर तुमचा ‘फुल’ अर्धाच असतो. ट्यूनिंगपुरता तो बाहेर घ्या आणि झाल्यावर आठवणीनं परत लावा, मुलांच्या सुरक्षेसाठी तो आहे.

जागा सपाट, मोकळी आणि स्वतःच्या ताब्यातली हवी. बहुतेक एटीव्हींना रस्त्याची नोंदणी नसते. पुणे रोडवर किंवा सर्व्हिस रोडवर चाचणी घ्यायची नाही. हेल्मेट, बूट आणि जवळ एक माणूस.

पहिलं, इंजिन पूर्ण गरम करा. एअर स्क्रू दीड फेरा उघडा, गाडी बंद पडणार नाही इतका आयडल (थ्रॉटल सोडल्यावरचा इंजिनाचा वेग) ठेवा.

दुसरं, मेन जेट. अंदाजापेक्षा दोन नंबर मोठ्यापासून सुरू करा. फुल थ्रॉटलवर गाडी फट-फट करत, भरल्यासारखी अडखळेल. हे रिचचं लक्षण आणि सुरक्षित बाजू. एक एक नंबर उतरत जा. वरपर्यंत स्वच्छ ओढायला लागली की थांबा आणि एक नंबर परत मोठा टाका. नांगरलेल्या मऊ जमिनीत किंवा सीना-भीमेच्या वाळूत इंजिनवर भार जास्त आणि वारा कमी, म्हणून हा एक नंबर मी कधीच सोडत नाही.

लहानाकडून मोठ्याकडे जाऊ नका. लीन बाजूनं केलेली एक लांब फुल थ्रॉटलची फेरी पिस्टन खाऊ शकते. पोकळ आवाज, खडखड, वेग वाढता वाढता अचानक मंदावणं यांपैकी काही जाणवलं तर त्याच क्षणी थ्रॉटल सोडा, क्लच ओढा आणि चोक लावा.

खात्री करायला नवा प्लग लावा, भार देऊन फुल थ्रॉटलवर पळवा, थ्रॉटल न सोडता किल स्विच आणि क्लच एकदम दाबा, गाडी तशीच थांबू द्या. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीच्या अगदी तळाशी भिंगानं बघा. तिथे तपकिरी कडं दिसायला हवं. टोकाच्या रंगावर विसंबू नका. आताच्या पेट्रोलला टोक फिकटच राहतं. तळही पांढराशुभ्र असेल किंवा त्यावर चमकदार ठिपके असतील तर लीन. ठिपके म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम.

तिसरं, नीडल. अर्ध्या थ्रॉटलवर स्थिर चालवा. भरल्यासारखी चालत असेल तर क्लिप एक खाच वर, म्हणजे नीडल खाली आणि मिश्रण लीन. ओढत नसेल, इंजिन फार तापत असेल तर क्लिप एक खाच खाली. पाहुणे गाडी बहुतेक वेळ याच भागात चालवतात, म्हणून इथे घाई नको.

चौथं, एअर स्क्रू. स्क्रू स्लाइडच्या फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा: बाहेर काढला की लीन. स्क्रू इंजिनकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, सगळं उलट. आधी बाजू बघा. आयडलवर स्क्रू हळूहळू फिरवा, आवाज जिथे सगळ्यात वर जातो तिथे थांबा, मग आयडल खाली आणा. ही जागा एका फेऱ्याच्या आत आली तर पायलट जेट मोठा हवा. अडीच फेऱ्यांच्या पुढे गेली तर लहान.

शंका असेल तर हे ताडून बघा: गार असताना छान आणि गरम झाल्यावर जड, तर रिच. चोक बंद केल्यावर बराच वेळ धरत नाही आणि गरम झाल्यावरच सुधारते, तर लीन.

एका वेळी एकच गोष्ट बदला.

## टप्पा ८: रोजचा वापर आणि हंगामाचा जेट

गार सकाळी सुरू करून लगेच पळवणं हे पिस्टन पकडण्याचं दुसरं मोठं कारण. ॲल्युमिनियमचा पिस्टन झटकन फुगतो, सिलिंडर मागे राहतो. फिन्स हाताला चांगल्या गरम लागेपर्यंत, तीन-चार मिनिटं, हलक्या थ्रॉटलवर ठेवा. चोक ओढलेला असताना थ्रॉटल दाबू नका. अशा कार्बोरेटरमध्ये चोक थ्रॉटल बंद असतानाच काम करतो.

लांब उतारावर थ्रॉटल बंद करून गिअरवर उतरू नका. पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद, आणि इंजिन मात्र वेगानं फिरत असतं. क्लच ओढा किंवा मधून मधून थ्रॉटल द्या.

सीटच्या खाली एक चिठ्ठी चिकटवा: हिवाळ्याचा मेन जेट, उन्हाळ्याचा मेन जेट, क्लिपची खाच, स्क्रूचे फेरे, ऑइलचं प्रमाण. हिवाळ्याच्या जेटवर मे महिन्यात गाडी जड चालेल, पण मरणार नाही. उन्हाळ्याचा जेट दिवाळीआधी काढलाच पाहिजे.

## टप्पा ९: हंगाम संपल्यावर ठेवणं

टाकी पूर्ण रिकामी करा. नळ बंद करून वाटीतलं पेट्रोल खालच्या स्क्रूनं काढा. नुसतं इंजिन चालवून संपवलं तर शेवटच्या क्षणी ते लीन आणि बिनऑइलचं फिरतं, शिवाय तळाशी थोडं उरतंच. प्लग काढून सिलिंडरमध्ये पाच-सात मिली टूटी ऑइल सोडा, किक हळू हळू चार वेळा दाबा, प्लग लावा. किक जड लागेल तिथे, म्हणजे पोर्ट झाकलेले असताना, पिस्टन ठेवा. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घाला आणि हँडलला तशी चिठ्ठी बांधा. एअरबॉक्सचं तोंड जाळीनं झाका, शेतावर उंदीर फोम कुरतडतात.

परत काढताना बोळा काढा, नवं पेट्रोल ताजं मिसळा, रबरी बूट वाकवून भेगा बघा, आणि गळतीची चाचणी पुन्हा घ्या. पडून राहिलेल्या गाडीत सीलचे ओठ कडक होतात, म्हणून मागच्या वर्षी पास झालेली चाचणी यंदा धरायची नाही.